पॅसिव्हेशन करूनही मेटॅलिक ग्लासवर पुन्हा पुन्हा खड्डे का पडतात?

तक्रार ठरलेली असते. इम्प्लांटसाठी झर्कोनियमची मेटॅलिक ग्लास आहे (स्फटिक नसलेला, काचेसारखा मिश्रधातू), आरशासारखी पॉलिश केली, नायट्रिक ॲसिडमध्ये पॅसिव्हेट केली (म्हणजे वर गंज रोखणारा ऑक्साइडचा पापुद्रा आणला), ३७ अंशांच्या पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवासारख्या खारट द्रावणात) पोलरायझेशन घेतलं, म्हणजे व्होल्टेज हळूहळू चढवत करंट मोजला. सहापैकी चार नमुने झकास, दोघांचा करंट मात्र मध्येच उसळी मारून वर, म्हणजे खड्डा पडला. मग ॲसिड बदललं, वेळ वाढवला, तापमान चढवलं. पुढच्या खेपेला परत तेच.

मी स्वतः यात तीन आठवडे घालवले आहेत. एकाच सळईतून कापलेल्या चकत्या, एकाच बीकरमधून काढलेल्या, तरी दोन कायम वात्रट. रोज नवीन ॲसिड बनवायचं, रोज तोच आलेख बघायचा. त्या तीन आठवड्यांत आम्ही खड्डे मोजले, त्यांचे फोटो काढले, पण खड्डा चकतीवर नेमका कुठे आहे हे कुणीच लिहून ठेवलं नाही. तिथेच सगळं अडलं होतं. म्हणून आता कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न ॲसिडबद्दल नसतो. खड्डा कडेला आहे, रेघेवर आहे, की मधोमध? याचं उत्तर मिळेपर्यंत ॲसिडच्या बाथला हात लावू नका.

खड्डा लहान असतानाच पकडा

बहुतेक जण चाचणी शेवटपर्यंत चालवतात. करंट मिलिअँपिअरमध्ये जातो, उलटा स्कॅन पूर्ण होतो, आणि नमुना बाहेर काढावा तर डोळ्यांना दिसेल एवढं भगदाड. त्या भगदाडातून सुरुवात कुठून झाली हे कुणीही सांगू शकत नाही, कारण जिथून सुरुवात झाली ती जागाच विरघळून गेलेली असते.

शोध घ्यायचा असेल तेव्हा एखाद-दोन नमुने फक्त त्यासाठीच बाजूला ठेवा. पोटेंशिओस्टॅटवर (व्होल्टेज ठरवून करंट मोजणाऱ्या यंत्रावर) करंटची मर्यादा घाला. आम्ही २० मायक्रोअँपिअरवर तोडतो. मर्यादा गाठली की चाचणीची सेल लगेच बंद, नमुना डीआय (आयन काढलेल्या शुद्ध) पाण्यात, मग वाळवून मायक्रोस्कोपखाली. अशा वेळी खड्डा काही मायक्रॉनचाच असतो आणि आजूबाजूचं सगळं शाबूत असतं. ब्रेकडाउनच्या (पापुद्रा फुटून करंट एकदम चढण्याच्या) आधी आलेखात बारीक बारीक टोकं उठताना दिसली असतील तर तीही बघून ठेवा. ते जन्मून लगेच विझलेले खड्डे. बऱ्याचदा एकाच जागेभोवती असे दोन-तीन सापडतात आणि मग गुन्हेगार तिथेच आहे हे स्पष्ट होतं.

इथे एक फसवणूक हमखास होते. खड्ड्यात ईडीएस (कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारं एक्स-रे तंत्र) लावलं की तांबं भरपूर दिसतं, सोबत ऑक्सिजन आणि थोडं क्लोरीन. लगेच निष्कर्ष निघतो: मिश्रधातूत तांब्याचा वेगळा फेज (वेगळ्या रचनेचा भाग) होता, तिथून गंज सुरू झाला. घाई करू नका. खड्ड्यात झर्कोनियम आणि ॲल्युमिनियम विरघळतात, त्यांचे आयन पाण्याशी प्रक्रिया करून ॲसिड तयार करतात, क्लोराइड आत ओढलं जातं, आणि तांबं या दोघांपेक्षा कितीतरी कमी क्रियाशील असल्यामुळे मागे उरतं किंवा विरघळून पुन्हा तिथेच बसतं. खड्ड्याच्या तळाशी दिसणारा तांबूस-काळा गाळ हा बहुतेक वेळा गंजाचा परिणाम असतो, कारण नव्हे. कारण शोधायचं तर नुकत्याच सुरू झालेल्या खड्ड्याच्या काठावर शोधा.

कडेला असेल तर

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं उत्तर हेच. नमुना एपॉक्सीत बसवलेला असतो. एपॉक्सी घट्ट होताना आकसते, धातू आणि तिच्यामध्ये केसापेक्षाही बारीक फट राहते. त्या फटीत पीबीएस शिरलं की आतला ऑक्सिजन संपतो, ॲसिड साठतं, आणि सुरू होतो तो फटीतला गंज. आपण मात्र त्या पोटेंशिअलला पिटिंग पोटेंशिअल (खड्डे सुरू होण्याचं व्होल्टेज) म्हणून तक्त्यात भरतो.

पॅसिव्हेशन केलेल्या नमुन्यांत हे आणखी वाईट. एपॉक्सीत बसवून मग नायट्रिकमध्ये बुडवलं तर फटीत ॲसिड अडकतं. कितीही धुतलं तरी ते सगळं निघत नाही. चाचणीच्या तासाभरात ते हळूहळू बाहेर झिरपत राहतं. शिवाय फटीच्या आतली बाजू नीट पॅसिव्हेट झालेली नसतेच.

आम्ही क्रम उलटा केला. चकती सगळ्या बाजूंनी, कडांसकट, पॉलिश करायची; कडेचा धारदार कोपरा किंचित गोल करायचा; मोकळी चकती पॅसिव्हेट करायची; धुवायची, वाळवायची; आणि मग कडेवर लॅकर लावायचं. म्हणजे लॅकरखाली फट राहिलीच तरी तिच्या आत पॅसिव्हेट झालेला पृष्ठभाग असतो. कडेवरचे खड्डे एकदम गायब झाले असं म्हणणार नाही, पण ते नियमाऐवजी अपवाद झाले. गॅस्केटखालून सतत शुद्ध पाणी सोडणारी सेल मिळत असेल तर तीच वापरा. स्टेनलेस स्टीलच्या चाचण्यांसाठी ती बनवली गेली, पण तत्त्व इथेही तेच: फटीत क्लोराइड पोचूच द्यायचं नाही.

रेघेवर असेल तर

खड्डे एका सरळ ओळीत, मण्यांसारखे ओवलेले दिसले तर पॉलिशिंगकडे वळा. आधीच्या पॉलिश पेपरचा राहून गेलेला ओरखडा हे एक कारण. दुसरं जरा खोल आहे.

मेटॅलिक ग्लासमध्ये स्फटिक नसतात, म्हणून ती साध्या धातूसारखी सगळीकडे सारखी वाकत नाही. जोर पडला की सगळी घसरण १० ते २० नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्यांत गोळा होते. हे शिअर बँड. त्या पट्टीतले अणू जरा सैल रचलेले असतात, त्यामुळे तिथे गंजाला आधी वाट मिळते. जाड सिलिकॉन कार्बाइड पेपरवर जोर लावून घासलं की पृष्ठभागाखाली असे बँड तयार होतात. वरून चकाकी आणता येते, पण खाली बिघडलेला थर तसाच असतो आणि ॲसिड तो काढत नाही. म्हणून प्रत्येक पेपरवर आधीच्या पेपरचे ओरखडे दिसेनासे झाल्यावरही थोडा वेळ अजून घासा, जोर कमी ठेवा, पाणी सोडत राहा. शेवटी डायमंड आणि मग कोलॉइडल सिलिका. सिलिका लावल्यावर लगेच धुवा. ती अल्कधर्मी असते आणि एकदा वाळली की निघता निघत नाही. तिचे ठिपके पुढे खड्ड्यांसारखेच दिसतात.

वायर ईडीएमने (तारेतून ठिणग्या पाडून) कापलेल्या नमुन्यांचं वेगळं सांगतो. ठिणगीने धातू वितळून परत गोठतो, त्या थरात स्फटिक होऊ शकतात आणि पितळी तारेतलं तांबं-जस्त त्यात मिसळतं. असा थर वर ठेवून पॅसिव्हेशन करणं म्हणजे धूळ न झाडता भिंत रंगवणं. एका नमुन्याचा आडवा छेद घेऊन तो थर किती जाड आहे ते एकदा मोजा, आणि निदान त्याच्या दुप्पट घासून काढा. दुप्पट हे माझं गणित आहे, पण त्याने मला कधी दगा दिलेला नाही.

आणि ओरखड्यांवरून आठवलं. चकत्या ओळखू याव्यात म्हणून एकदा आम्ही पाठीवर डायमंड पेनने आकडे कोरले. पूर्ण बुडवून घेतलेल्या पहिल्याच चाचणीत खड्डा पडला तो बरोबर ‘४’च्या पोटात. इम्प्लांटच्या पृष्ठभागाची तयारी सांगणाऱ्या, एएसटीएम या मानकसंस्थेच्या एफ ८६ या मानकात खुणा करण्याबद्दलही लिहिलेलं आहे, ते उगाच नाही. आता आकडे पाकिटावर असतात.

मधोमध असेल तर

खरी मेख इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

मेटॅलिक ग्लास गंजाला चांगली, याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं की तिच्यात ग्रेन बाउंडरी (स्फटिककणांमधल्या सीमा) नाहीत, वेगळे फेज नाहीत, म्हणून संरक्षक थर सगळीकडे एकसारखा बसतो. १९६० मध्ये कॅल्टेकमध्ये सोनं-सिलिकॉनची पहिली मेटॅलिक ग्लास झाली तेव्हा ती बारीक पापुद्र्यासारखी होती आणि अतिवेगाने थंड केलेली होती. तसल्या पापुद्र्याला ते स्पष्टीकरण बऱ्यापैकी लागू पडतं. आपण मात्र तीन, पाच, आठ मिलिमीटरच्या सळया ओततो. आणि झर्कोनियम हा ऑक्सिजनचा भुकेला धातू. चेंबरमध्ये उरलेला, कच्च्या मालातून आलेला, तांब्याच्या साच्यावर चिकटलेला सगळा ऑक्सिजन तो ओढून घेतो. तो ऑक्सिजन मिश्रधातूत असे स्फटिक फेज स्थिर करतो जे एरवी झालेच नसते. पाच-दहा मायक्रॉनचे असे स्फटिक अस्फटिक धातूत अधूनमधून पडलेले असतात. त्यांच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा आजूबाजूपेक्षा वेगळा असतो, आणि सीमेवर पापुद्रा कच्चा राहतो. क्लोराइडला एवढी फट पुरते.

“पण एक्सआरडीमध्ये नुसता पसरट उंचवटा येतो, स्फटिक नाहीतच,” हे उत्तर मी अगणित वेळा ऐकलं आहे, एकदा स्वतःच्याच तोंडून. साध्या एक्सआरडीला (स्फटिक ओळखणाऱ्या एक्स-रे चाचणीला) दोन-तीन टक्क्यांखालचे स्फटिक सहज निसटतात. खड्डा पडायला एक टक्काही लागत नाही, एक कण पुरतो. त्यामुळे पॉलिश केलेला पृष्ठभाग एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) बॅकस्कॅटर मोडवर, म्हणजे रचनेतला फरक छटांनी दिसेल असा, बघा, मोठ्या भागावर, कमी मॅग्निफिकेशनवर. वेगळ्या छटेचे ठिपके किंवा चांदण्यांसारखे आकार दिसले तर तिथे खूण करा, चाचणी घ्या, परत बघा. खड्डा आणि ठिपका एकाच जागी आले की वाद संपला. डीएससीमध्ये (नमुना तापवताना उष्णता मोजणाऱ्या चाचणीत) स्फटिकीभवनाची उष्णता पातळ रिबनच्या तुलनेत किती कमी आहे तेही बघता येतं, पण जागा त्यातून कळत नाही.

आमच्या दोन वात्रट चकत्यांचं कोडंही इथेच सुटलं. त्या कायम सळईच्या वरच्या टोकाच्या असायच्या. सक्शन कास्टिंगमध्ये (वितळलेला धातू साच्यात ओढून घेताना) ते टोक चुलीतल्या वितळलेल्या गोळ्याला जोडलेलं राहतं आणि सगळ्यात हळू थंड होतं. चकत्या कापून एका डबीत टाकल्यामुळे वर कोणतं, खाली कोणतं याचा पत्ताच नव्हता. वरचे काही मिलिमीटर कापून फेकायला लागलो आणि त्या दोन चकत्यांची जागा साध्या चकत्यांनी घेतली. ॲसिड तेच, वेळ तीच.

यावर उपाय पृष्ठभागावर नाही, भट्टीत आहे. स्पंज झर्कोनियमऐवजी आयोडाइड पद्धतीने शुद्ध केलेलं क्रिस्टल बार झर्कोनियम. चेंबर दोन-तीनदा रिकामं करून आर्गॉनने भरणं. खऱ्या मिश्रधातूआधी टायटॅनियमचा गोळा वितळवून उरलेला ऑक्सिजन त्यात शोषून घेणं. गोळा चार-पाच वेळा उलटून परत वितळवणं. साचा बारीक घासून कोरडा. आणि ऑक्सिजन किती आहे हे अंदाजाने न ठरवता इनर्ट गॅस फ्युजनने मोजून घ्या. एकाच मिश्रधातूच्या दोन बॅचेसमध्ये हा आकडा किती हलतो ते बघून मी थक्क झालो होतो.

ओतलेली सळई बदलता येत नसेल तर पृष्ठभागावरचा एकच उपाय या दोषापर्यंत पोचतो, तो लेझरने वरचा थर वितळवणं. वितळलेला थर इतका पातळ आणि खालचा धातू इतका गार की तो थर झपाट्याने गोठतो, आणि स्फटिक त्यात विरघळून जातात. अडचण लेझरच्या दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात तिथे. आधीच्या पट्टीची कड पुन्हा तापते, पण वितळत नाही, आणि तिथेच स्फटिक होण्याची सोय होते. म्हणजे विखुरलेला दोष आपण ओळीत मांडून ठेवतो. लेझर वापरलात तर खड्डे पट्ट्यांच्या सांध्यावर येतात का हे नक्की तपासा.

पोकळ्या हा मधोमधचाच दुसरा प्रकार. ओतताना अडकलेल्या वायूची पोकळी पॉलिश करताना उघडी पडते, तिच्यात पॉलिशिंगचा चिखल भरतो, चाचणीत तो खड्डा भासतो. अल्ट्रासॉनिकमध्ये धुऊन चाचणीआधीच फोटो काढून ठेवला की हा गोंधळ मिटतो.

आता बाथ

वरचं सगळं तपासून झालं असेल तर ॲसिडकडे या. नायट्रिक काय करतं ते आधी लक्षात घ्या. ते पृष्ठभागावरचं तांबं आणि निकेल निवडून विरघळवतं आणि झर्कोनियमच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा मागे ठेवतं. झर्कोनियम ५२.५, तांबं १७.९, निकेल १४.६, ॲल्युमिनियम १०, टायटॅनियम ५ अशा रचनेच्या मिश्रधातूत हे फार मोलाचं, कारण निकेलची ॲलर्जी आणि तांब्याचा पेशींवरचा परिणाम हे दोन्ही प्रश्न पृष्ठभागावरच सोडवायचे असतात. पण पापुद्रा नॅनोमीटरचाच आहे. खालचा पाच मायक्रॉनचा स्फटिक तो झाकेल ही अपेक्षाच चुकीची.

बाथमध्ये चुका होतात त्या बारीक असतात. “३० टक्के नायट्रिक” म्हणजे वजनाने की आकारमानाने? ७० टक्क्यांच्या बाटलीतलं ३० मिलिलिटर ॲसिड ७० मिलिलिटर पाण्यात घातलं तर वजनाने ते साधारण २६ टक्केच होतं. दोघांनी दोन अर्थ घेतले की दोन वेगळे बाथ. वहीत अर्थ लिहून ठेवा. ॲसिड पाण्यात घालायचं, उलट नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी चूक क्लोराइडची. नळाच्या पाण्याने विसळलेलं बीकर, आधी हायड्रोक्लोरिकसाठी वापरलेला चिमटा, खारट हात. नायट्रिकमध्ये थोडं क्लोराइड मिसळलं की तो पातळ का होईना अम्लराजच (नायट्रिक-हायड्रोक्लोरिकचं जहाल मिश्रण), आणि संरक्षणाऐवजी तो ओरबाडायला लागतो. बाथचा थोडा नमुना वेगळ्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका. दुधाळ झालं तर सगळं ओतून टाका. आमच्याकडे एकदा पहिल्या थेंबालाच पांढरं झालं होतं आणि त्या दिवसाचे सगळे आलेख तिथल्या तिथे रद्द झाले.

तिसरी, जुना बाथ. निळसर-हिरवी झाक दिसायला लागली म्हणजे तांबं आणि निकेल साठलंय. नमुना बाहेर काढताना तो थेंब सोबत येतो आणि पृष्ठभागावर वाळतो. लगेच भरपूर डीआय पाणी, दुसऱ्या स्वच्छ भांड्यात अल्ट्रासॉनिक, पुन्हा डीआय, नायट्रोजनने वाळवणं. आणि पॉलिशनंतर किती वेळाने बुडवायचं, बुडवल्यानंतर किती वेळाने चाचणी, हे सगळ्या नमुन्यांसाठी एकच ठेवा. हवेत ताज्या पृष्ठभागावरही ऑक्साइड वाढत असतो. शुक्रवारी संध्याकाळी पॉलिश करून सोमवारी घेतलेली चाचणी आणि तासाभरात घेतलेली चाचणी यांची तुलना करू नका.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड टाळा. टायटॅनियमवर नायट्रिकसोबत ते सर्रास वापरतात म्हणून इथेही वापरायचा मोह होतो. झर्कोनियमला ते झपाट्याने खातं, हायड्रोजन धातूत शिरून तो ठिसूळ होऊ शकतो, आणि फ्लोराइड पापुद्र्यात उरतं. माणसावर काय करतं ते तर वेगळंच. त्याने भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर बाटली उघडायचीही नाही. त्याच सुरात: वापरलेलं नायट्रिक आणि ॲसिटोन किंवा अल्कोहोल एका टाकाऊ बाटलीत कधीही नाही. अशी बाटली फुटते.

जाड थर हवा असेल तर

काही नॅनोमीटर पुरत नाहीत म्हणून लोक ॲनोडायझिंगकडे (व्होल्टेज लावून ऑक्साइड वाढवण्याकडे) जातात. ते बरोबरही आहे. झर्कोनियमवर ऑक्साइड दर व्होल्टमागे साधारण दोन-तीन नॅनोमीटर वाढतो, रंगही सुंदर येतात, आणि रंग एकसारखा आहे का यावरून थर एकसारखा आहे का हे डोळ्यांनीच कळतं. ढगाळ डाग दिसले तर तिथे खाली काहीतरी वेगळं आहे. दिसायला हा स्वस्तातला एसईएमच म्हणा. पण तांबं भरपूर असलेल्या मिश्रधातूत ठरलेल्या व्होल्टेजला पोचल्यावर करंट उतरायला हवा, तो तसाच राहिला तर थर वाढत नाही, खालून धातू विरघळतोय, तिथे थांबा.

भट्टीत तापवून ऑक्साइड वाढवणं मला पटत नाही. या मिश्रधातूंचं ग्लास ट्रान्झिशन (ग्लास मऊ पडायला लागण्याचं तापमान) साधारण ३५० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात असतं, म्हणून लोक त्याच्या जरा खाली हवेत तापवतात. झर्कोनियमचा ऑक्साइड वाढतो खरा, पण तांबं बाहेरच्या बाजूला ढकललं जातं आणि पृष्ठभागावर तांब्याचा किंवा त्याच्या ऑक्साइडचा थर येतो. म्हणजे नायट्रिकने जे काढून टाकलं तेच आपण वर आणून ठेवलं. शिवाय अणूंची रचना घट्ट होऊन ग्लास ठिसूळ होते. हायड्रॉक्सिॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजाचा) लेप भाजून पक्का करायचा विचारही याच कारणाने सोडा. तो भाजायला जे तापमान लागतं, तोवर ग्लास ग्लास राहत नाही. प्लाझ्मातून आयन रोपण करताना नमुना किती तापला याची नोंद नसेल तर तो आलेख मी बाजूला ठेवतो.

आलेख खोटं बोलत नाही ना?

दोन वहीतले आकडे जुळत नसतील तर रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजलं तो) आधी विचारा. कॅलोमेल आणि संपृक्त सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड यांच्यात साधारण ४५ मिलिव्होल्टचा फरक असतो. ज्याला कुणी “उपचारामुळे सुधारणा” म्हणतो ती कधीकधी एवढीच निघते. स्कॅनचा वेग, नायट्रोजन सोडला की नाही, ओसीपीवर (व्होल्टेज न लावता नमुना स्वतः स्थिरावतो त्या पोटेंशिअलवर) किती वेळ थांबलात, नमुन्यावर हवेचा बुडबुडा बसला होता का, हे सगळं एका ओळीत लिहून ठेवा.

क्षेत्रफळाकडे कुणी फारसं बघत नाही. खड्डा सगळ्यात कमजोर ठिपक्यावर पडतो. उघडं क्षेत्रफळ दहापट केलं की कमजोर ठिपका सापडण्याची शक्यताही खूप वाढते, आणि ब्रेकडाउन खाली येतो, पृष्ठभाग अजिबात न बदलता. पॅसिव्हेट न केलेली मोठी चकती आणि पॅसिव्हेट केलेला छोटा तुकडा यांची तुलना मी छापील पानांतही पाहिली आहे. एकेका नमुन्यावर निकाल काढू नका. निदान सहा घ्या आणि सरासरीसोबत सगळ्यात वाईट आकडाही द्या. इम्प्लांट शरीरात सरासरीने नव्हे, त्याच्या सगळ्यात वाईट ठिपक्याने वागतो.

शेवटचा मुद्दा निर्जंतुकीकरणाचा, आणि हा नेहमी राहून जातो. छोट्या इम्प्लांटच्या चक्रीय पोलरायझेशनचं एएसटीएम एफ २१२९ हे मानक तयार, अंतिम अवस्थेतल्या वस्तूसाठी आहे. आपण मात्र पॅसिव्हेशनच्या टेबलावरून उचललेली चकती तपासतो आणि पेशींच्या चाचणीला ऑटोक्लेव्हमधून निघालेली पाठवतो. १२१ अंशांच्या वाफेत पापुद्रा थोडा बदलतो, त्याला मी फार घाबरत नाही. घाबरतो ते वाफेच्या पाण्याला. त्यात क्लोराइड असेल, किंवा आधीच्या कुणीतरी तिथे सलाइनची बाटली उकळवून सांडली असेल, तर पॅकेट वाळताना त्याचे थेंब चकतीवर आटतात आणि गोल डाग उरतात. एकदा पेशी मेल्या, तांबं जास्त आलं, सगळ्यांनी मिश्रधातूला दोष दिला. भिंगाखाली चकती धरली तर डागांच्या कडेला खड्ड्यांची वर्तुळं. आता दोन चकत्या जास्तीच्या ऑटोक्लेव्हमध्ये जातात, त्यांचं पोलरायझेशन होतं, आणि त्या साफ निघाल्या तरच बाकीच्या पेशींकडे जातात.